पंपघराजवळचा दगड

जिंतूरहून करंजदरीला येईपर्यंत भक्तीनं दोनदा विचारलं होतं, "तिथं बघण्यासारखं हाय तरी काय? बंद पडलेली जीनच ना?" योगीराजनं दोन्ही वेळा "चल तर" एवढंच म्हटलं. आता ती फाटकाच्या आत उभी होती आणि काहीच विचारत नव्हती. त्यावरून त्याला काय ते कळलं.

पूर्णेच्या काठावरची ही कापसाची जिनिंग बंद पडून पंधराएक वर्षं झाली होती. पत्रे वाऱ्यानं नेले होते, आवारात बाभळी माजल्या होत्या आणि दुपारी गावची गुरं सावलीला येऊन बसायची. मग पर्यटनाच्या योजनेतून पैसा आला, परभणीच्या एका ठेकेदाराला काम मिळालं आणि त्या ठेकेदाराचा जागेवरचा माणूस म्हणून योगीराज इथं आला. रुईचं कोठार आता सभागृह झालं होतं. सरकीच्या शेडमध्ये चहा-भजी मिळायची. एक जुनं यंत्र निळ्या रंगात रंगवून चौथऱ्यावर ठेवलं होतं आणि त्याच्या चाकाला लेकरं लोंबकळत होती. चिमणी तशीच ठेवून तिला दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या. आणि नदीच्या अंगाला, जिथं पूर्वी चिखल आणि काटेरी तारा होत्या, तिथं रुंद दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. खालच्या बंधाऱ्यामुळं पाणी पायऱ्यांना लागून थांबून राहायचं. त्यात पायडलच्या बोटी फिरत होत्या.

प्रजासत्ताक दिनाला फीत कापली होती. देखभालीचं कामही वर्षभर त्याच ठेकेदाराकडं होतं, म्हणून योगीराज अजून इथंच होता.

"हे सगळं तुमी केलं?" भक्ती म्हणाली.

"मी कशाला? माणसांनी केलं. मी वरडायचं काम केलं."

"ते तुमाला घरी बी चांगलं जमतंय."

तो हसला. दोघं चालत पंपघरापाशी आले. पंपघराच्या काळ्या दगडी भिंती तेवढ्या राखल्या होत्या. पुढं गुळगुळीत फरशी केली होती, आणि फरशीच्या मधोमध माणूस उभा राहील एवढा लाल पत्र्याचा बदाम उभा केला होता. त्याच्यावर 'आय लव्ह करंजदरी'. फोटोसाठी पोरापोरींची रांग लागली होती. नंबर आला तशी भक्ती पदर सारखा करून बदामात जाऊन उभी राहिली.

"तुमी बी या की. त्या पोराला द्या मोबाइल."

"नको, मी काढतो."

"लोकं बायकोसंग फोटो काढायला इथं येतेत, आन् तुमी बाहेरून काढायलाव."

तरी तो फरशीच्या काठावरच उभा राहिला. या फरशीला पॉलिश झाल्यापासून त्यानं तिच्या मध्यावर पाय ठेवला नव्हता. कामाची पाहणी करताना, मोठी माणसं आली तेव्हा, फीत कापली त्या दिवशीसुद्धा, तो कडेकडेनं फिरायचा. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे एका माणसाच्या आलं होतं, आणि आता मोबाइलवर त्याच माणसाचा फोन आला.

"सायेब, कुठं हाव?" फाटकावरून वैजीनाथ विचारत होता. जिनिंग चालू होती तेव्हापासूनचा हा राखणदार. उद्यान झालं तसा त्याला निळा सदरा आणि शिट्टी मिळाली होती.

"पंपघरापाशी. काय झालं?"

"पालमच्या बाई आल्यात. कस्तुराबाई. संगं पोरगी हाय. दगड हाय का गेला मनून इचारायल्यात."

योगीराजनं भक्तीकडं पाठ केली. "मग तुमी काय सांगितलं?"

"मी काय सांगू? मनलं, सायबाला ठावं हाय."

"त्यांना जरा बसवा. चहा पाजा."

"पाजतो की. चहा पाजायला काय लागतंय," वैजीनाथ म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

सर्वपित्री अमावस्येला योगीराज चिमणीच्या परांचीवर उभा होता, तेव्हा त्यानं त्या दोघींना पाठमोरं पाहिलं होतं. पंपघरापाशी एक शेंदूर फासलेला दगड होता, घागरीएवढा, एका अंगानं चपटा. दोघी त्याच्यापुढं बराच वेळ बसल्या, मग उठून एसटी गाठायला निघून गेल्या. त्या संध्याकाळी वैजीनाथनं त्याला सांगितलं, की हा दगड तेवढा विचारल्याशिवाय हलवू नका. तो किशनरावचा आहे. किशनराव जिनिंगच्या पंपावर होता. कापसाला आग लागली तर हौद भरलेला पाहिजे, म्हणून नदीवर मोटर बसवलेली असायची, आणि नदी चढली की ती मोटर खोलून वर ओढून घ्यावी लागायची. एका पावसाळ्यात पाणी फार वेगानं चढलं. मोटर वर आली, किशनराव आला नाही. बायको तेव्हा पोटुशी होती. अंग सापडलं नाही, कामगारांनी हा दगड मांडला, आणि तेव्हापासून बाई दर वर्षी येते. जीन बंद पडली तरी वैजीनाथ तिला फाटक उघडून द्यायचा. सांगून झाल्यावर त्यानं बाईचा नंबरही दिला होता. योगीराजनं तो मोबाइलमध्ये 'पालम दगड' या नावानं घालून ठेवला.

डिसेंबरात फरशीची आखणी झाली तर दगड नेमका मधोमध आला. उद्घाटनाची तारीख ठरून गेली होती. योगीराजनं एकदा मोबाइल काढून तो नंबर उघडला. बाई नको म्हणाली तर? मग रडारड, मग गावातली माणसं मध्ये पडणार, मग ठेकेदाराचे फोन. त्यानं मोबाइल खिशात ठेवला. पण जेसीबीवाला दगडाला हात लावेना. "सायेब, शेंदूर हाय त्याला. आपल्याला लेकरंबाळं हायेत," तो म्हणाला आणि मशीन बंद करून खाली उतरला.

तेव्हा योगीराजनं जुन्या देवाचं लोक जे करतात ते केलं. दगडाला आंघोळ घातली, ताजा शेंदूर लावला, हार घातला, नारळ फोडला. पायातलं काढून दगड स्वतः खांद्यावर घेतला, कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि हळूच सोडून दिला. काठावर कामगार हात जोडून उभे होते. जेसीबीवाल्यानं खोबरं वाटलं आणि मशीन सुरू केली. त्या दिवशी योगीराजला बरंच वाटलं होतं. सगळं रीतीनं झालं, कुणी नाव ठेवायला जागा नाही. फोन करण्यापेक्षा नारळ फोडणं सोपं होतं म्हणून आपण नारळ फोडला, हे त्याला काही दिवसांनी भर दुपारी, फरशीला पॉलिश चालू असताना कळलं. त्यानंतर त्यानं त्या फरशीच्या मध्यावरून चालणं सोडलं.

शेंदराची पुडी आणि तेलाची बाटली सामानाच्या खोलीत अजून तशीच होती.

"जरा बस हितं, आलो," असं भक्तीला सांगून तो खोलीकडं जवळजवळ पळत गेला. फुलझाडांच्या कडेला लावायला आणलेल्या दगडांतून त्यानं एक बरा चपटा दगड उचलला, पंपघराच्या मागच्या कडुलिंबाखाली, जिथं माणसं सहसा येत नाहीत, तिथं नेऊन टेकवला, आणि तळहातावर शेंदूर तेलात कालवून फासायला लागला. भक्ती त्याच्या मागोमाग आली होती. तो खाली बसून दगड रंगवतोय, हे तिनं थोडा वेळ पाहिलं.

"काय करायलाव हो?"

त्यानं तिला सांगितलं. एवढ्या दिवसांत कुणाला न सांगितलेलं पाच-सहा वाक्यांत सांगून झालं, याचं त्यालाच नवल वाटलं.

"मग हे कशाला? खरं सांगा की तिला."

"काय सांगू? तुझा नवरा नदीत सोडला मनून सांगू?"

"आन् हे काय हाय मग?"

"जागा बदलली मनतो. दगड तोच हाय मनतो. कुणाचं काय जातंय?"

 तेवढ्यात बोटीकडून एक कुटुंब लिंबाच्या सावलीला आलं. त्यातल्या बाईनं शेंदूर पाहिला, चपला काढल्या, लेकराचं डोकं दगडावर टेकवलं आणि विचारलं, "कोणता देव हाय हो?"

"जुना हाय," योगीराज म्हणाला.

बाईनं दगडापुढं केसातलं फूल ठेवलं. शेंदूर अजून ओला होता. लेकराच्या कपाळाला लाल ठसा उमटला, आणि ते सगळे समाधानानं निघून गेले.

कस्तुराबाई वैजीनाथच्या मागून आली. पन्नाशीची, बांध्यानं दणकट बाई. पालमला माहेरी राहून शाळेत खिचडी शिजवायची. हातात कापडी पिशवी होती. पोरगी अर्पिता परभणीत औषधाच्या दुकानात कामाला होती, चालणं बोलणं दोन्ही झपाझप. ती येता येता बदामाकडं पाहून आईला म्हणाली, "बघ आई, बाबाच्या जागेला काय लावलंय."

"असू दे. त्यानला आवडलं असतं."

"बाबाला?"

"मग! त्यांनी पयले ती बोट पळवली असती. जत्रंतल्या पाळण्यातून उतरत नव्हते, मला खाली उभी करून एकलेच बसायचे." मग तिला योगीराज दिसला आणि तिनं पदर डोक्यावर ओढला. "हे सायेब का, वैजीनाथभाऊ?"

"हेच," वैजीनाथ म्हणाला आणि लिंबाखालच्या दगडाकडं पाहिलं. मग योगीराजच्या हाताकडं पाहिलं. हात कोपरापर्यंत शेंदरानं लाल होते. वैजीनाथनं तोंडातला तंबाखू उगीच या गालातून त्या गालात नेला.

"दगड इकडं घेतलाय," योगीराज म्हणाला. "तिकडं फरशी आली ना. सावलीला बरा."

"लय बरं केलं बाबा," कस्तुराबाई म्हणाली. "एवढ्या मोठ्या कामात कोण इचारतंय? मी पोरीला मनतच होते, फेकूनफाकून दिला असंल. तुमी तर जपला, वरून शेंदूर लावला. तुमची आई पुण्यवान."

योगीराजनं लाल हात पाठीमागं नेले.

ती दगडापुढं मांडी घालून बसली. पिशवीतून बाटली काढून तिनं दगडावर थोडं पाणी घातलं, हळद-कुंकू वाहिलं, सुपारी ठेवली. मग लग्नाची पत्रिका काढली, तिच्या कोपऱ्यांना हळद लावली, आणि वर पिवळ्या अक्षता. एक कोरा टॉवेल आणि टोपी बाजूला ठेवली. घरातल्या लग्नाचं पहिलं आवतण देवाला जातं. ह्या घरात ते इथं आलं होतं.

"अवो," ती दगडाला म्हणाली, अगदी शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं, "पोरीचं जमलंय. पोरगा एसटीत हाय. ड्रायव्हर. पीत न्हाई, मी चौकशी केली. सासू जरा बोलकी हाय, पण आपली बी काय मुकी न्हाई."

"आई!"

"खोटं हाय का? तर पुढच्या महिन्यात मांडव हाय. तुमाला पयलं आवतण. भाऊ मनतोय कन्यादान मी करतो. मी मनलं, करा, पण बापाची जागा राखून ठेवा. तर या. लवकर या, येरवाळी. ऐन टायमाला धावत येयाची तुमची खोड हाय." ती बाजूला सरकली. "ये गं. डोकं ठेव बापाच्या पायावर."

अर्पितानं ओढणी डोक्यावरून घेतली. तिचा झपाझपपणा कुठं गेला कळलं नाही. ती गुडघ्यावर बसली, दोन्ही हात जमिनीला टेकवले. जन्मल्यापासून तिनं बाप म्हणून एवढंच पाहिलं होतं. तिचं कपाळ खाली झुकायला लागलं. आणि योगीराजला मघाचं ते लेकरू आठवलं, कपाळावर ओला ठसा घेऊन गेलेलं.

"थांबा," तो म्हणाला.

अर्पिता तशीच थांबली.

"हा तो न्हाई. हा मी आत्ता आणून ठेवलाय."

 त्यानं सगळं सांगितलं. नारळाचं, हाराचं सांगायला लागला तसं त्याचं त्यालाच ते पुढं सांगवेना.

"पूजा करून सोडला?" अर्पिता उठून उभी राहिली. "देव होता का तो?"

"रीत मनून..."

"आमाला कळवायची रीत न्हाई का? नंबर नव्हता तुमच्याकडं?"

वैजीनाथ जमिनीकडं पाहत होता. योगीराज म्हणाला, "होता."

"मग?"

"तुमी नको मनाल असं वाटलं."

"आमी नको कशाला मनलं असतं?" ती ओरडली नाही, नुसती समजून घेत असल्यासारखी विचारत होती. "आमी घेऊन गेलो असतो. पालमला. दाराशी ठेवला असता. आई किती वर्षांपासून मनायलीय, एवढ्या लांब एसटीनं जाणं होईना, पण ही जागा सोडून न्यावा कसा. तुमी एक फोन केला असता तर आमी तुमचं भलं होवो मनलं असतं."

हे योगीराजच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. रडारड, भांडण, गर्दी, सगळं त्यानं धरलं होतं. त्या खुशीनं घेऊन जातील, हे धरलंच नव्हतं.

कस्तुराबाईनं सुपारी आणि पत्रिका उचलून पिशवीत ठेवली. टॉवेल-टोपी ठेवली. अक्षता तिनं एकेक करून वेचल्या, शेंदराला चिकटलेल्या तेवढ्या राहिल्या. मग म्हणाली, "कुठं सोडला, दाखवा."

पायऱ्यांपाशी येऊन योगीराजनं बोट दाखवलं. बोटीच्या धक्क्याच्या अलीकडं, काठापासून थोडंसंच आत.

"मग काढा," अर्पिता म्हणाली.

"उद्या सकाळी भोई बोलावतो. येलदरीची माणसं हायेत ओळखीची, बुडी मारणारी..."

"सोडताना भोई होते का? तुमी सोडला, तुमी काढा."

त्यानं भक्तीकडं पाहिलं. भक्तीनं हात पुढं केला. त्यानं मोबाइल आणि घड्याळ तिच्या हातात दिलं, बूट काढले आणि पँटसकट पाण्यात उतरला.

पाणी गार होतं. कमरेपर्यंत आल्यावर तो पायानं तळ चाचपायला लागला. तळाशी गाळ आणि गाळात दगडच दगड. तो वाकला, हनुवटी पाण्याला लागली, हाताला लागला तो दगड ओढून वर काढला. हिरवट, गोल. त्यानं तो काठाकडं धरला.

"न्हाई," कस्तुराबाई म्हणाली.

दुसरा मोठा होता, पोटाशी धरून आणावा लागला.

"न्हाई. आपला एका अंगानं चपटा हाय."

बोटवाला येऊन वैतागला, की रविवारचा धंदा आहे, बोटी कुठून फिरवू. वैजीनाथनं त्याला शिट्टी वाजवून मागं सारलं. पायऱ्यांवर माणसं जमली. काहींनी मोबाइल वर केले. "काय हरवलं हो?" "अंगठी पडली वाटतं." "अहो, तो सुपरवायझर हाय इथला!" योगीराज बुडी मारायचा, वर यायचा, डोळ्यांतलं पाणी पुसायचा, दगड दाखवायचा. वरच्या पायरीवरून बाईचा आवाज यायचा, न्हाई. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती नुसतं पाहून सांगत होती.

खाली हाताला दोन जातीचे दगड लागत होते. काही नदीचे, गुळगुळीत. काही धारदार, कोपऱ्यांचे. हे कोपऱ्यांचे तो वर न काढताच सोडून द्यायचा. ते काय आहे, हे त्याला पहिल्याच बुडीत कळलं होतं. जानेवारीत बोटींच्या धक्क्याचा पाया खचायला लागला, तेव्हा त्यानंच इथं खाणीचं डबर ओतून घेतलं होतं. ट्रॅक्टर उलटा लावून, ट्रॉलीमागून ट्रॉली. तेव्हाही खाली काय आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि तेव्हा तर त्यानं नारळही फोडला नव्हता.

ऊन चिमणीच्या मागं गेलं. त्याचे दात वाजायला लागले, बोटांना खरचटून रक्त येत होतं. नारळाहून थोडा मोठा एक गोल दगड हातात घेऊन तो उभा राहिला.

"न्हाई," कस्तुराबाई म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "उन्हाळ्यात पाणी उतरतंय ना? तवा दिसंल का?"

हो म्हटलं असतं तर आजचा दिवस निभावला असता. बाई उठून एसटीला गेली असती.

"न्हाई दिसणार," योगीराज म्हणाला. "वरून डबर टाकलंय. खाली गेला तो."

"कुणी टाकलं?"

"मीच टाकून घेतलं."

अर्पितानं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलायला लागले. इतका वेळ ती रडली नव्हती, आणि आता रडताना तिला कुणाकडून धरून घ्यायचं नव्हतं. भक्ती पुढं झाली तशी ती दोन पायऱ्या वर सरकली.

कस्तुराबाई मात्र पाण्याकडं पाहत होती. "वैजीनाथभाऊ," ती म्हणाली, "असंच होतं ना तवा?"

"असंच होतं, वहिनी."

"मी हितंच बसले होते. पायऱ्या नव्हत्या, चिखल होता. तुमी समदे पाण्यात. एकेक वर यायचा आन् मान हलवायचा. दिवस मावळला तरी कुणी बाहेर निघंना." ती योगीराजशी बोलत होती की स्वतःशी, कळत नव्हतं. "मग हे भाऊ वर आले, हातात दगड. मनले, वहिनी, तो तर घावंना, रिकाम्या हातानं तुमच्यापुढं कसं यावं? मनून हाताला लागला तो आणलाय. त्यो दगड तरी कुठं किशनराव होता. भाऊंच्या हाताला लागला, एवढंच."

वैजीनाथनं निळ्या सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"द्या तो," ती म्हणाली.

योगीराजला आधी कळलंच नाही. मग त्यानं हातातल्या दगडाकडं पाहिलं. तो तसाच पाण्यातून पायऱ्यांपर्यंत आला आणि दोन्ही हातांनी दगड पुढं केला. कस्तुराबाईनं पिशवीतला कोरा टॉवेल उलगडला. दगड घेताना तिचा हात त्याच्या हाताला लागला, गरम होता. तिनं दगड पुसला, टॉवेलात गुंडाळला आणि लेकीकडं दिला. अर्पितानं तो कडेवर घेतला, लेकरू घेतात तसा.

"हितं ठेवणार न्हाई," ती म्हणाली.

"न्हाईच ठेवायचा," कस्तुराबाई म्हणाली. "चल, परभणीची गाडी निघंल."

"मी गाडीनं सोडतो," योगीराज पाण्यातूनच म्हणाला. "पालमपर्यंत सोडतो. कपडे बदलतो आन्..."

"नको," अर्पिता म्हणाली.

कस्तुराबाईनं मुठीतल्या थोड्या अक्षता भक्तीच्या हातावर ठेवल्या. "लग्नाला ये बाई, पुढच्या महिन्यात हाय. वैजीनाथभाऊ, तुमी तर यायचंच, मांडवाला हात लावायला." मग ती योगीराजकडं वळली.  "तुमाला मी या बी मनत न्हाई आन् येऊ नका बी मनत न्हाई. माझं मन अजून ठरंना." पदर सावरून ती पायऱ्या चढायला लागली. वर जाऊन तिनं लेकीकडचं ओझं घ्यायला हात पुढं केला. लेकीनं दिलं नाही.

चिमणीवरचे दिवे लागले. बघायला जमलेली माणसं दिव्यांकडं वळली आणि टाळ्या झाल्या. बोटवाला बोटी बांधायला लागला.

"बाहेर या आता," भक्ती म्हणाली. "त्या गेल्या."

"आलो."

तो आला नाही. वाकून त्यानं तळातला एक धारदार दगड उपटला, खाणीचा, आणि आणून खालच्या पायरीवर ठेवला. परत जाऊन दुसरा आणला, तो पहिल्याच्या शेजारी ठेवला.

"अहो, ट्रॉल्यांनी टाकलंय ना ते? हातानं कुठं निघणार हाय?"

"वरचं वरचं काढतो," योगीराज म्हणाला आणि पुन्हा वाकला.